दिव्याभोवतीची कडी

ये, अशी जवळ सरक. उंबऱ्यात काय उभी राहतेस परक्यासारखी? अन् आधी थोडं बोलून घेऊ दे मला. परवा फोनवर विचारलंस, "मावशी, तुमच्या डोळ्यांत ती लेन्स टाकली, कसं दिसतंय? मीबी तीच टाकू का?" मी म्हणाले, "छान दिसतंय." अन् तू लगेच "बरं बरं" म्हणून फोन ठेवलास. हे बरोबर नाही बाई. साडी घ्यायची तर चार दुकानं पालथी घालतेस, पदर उलटा करून बघतेस, अन् डोळ्यांचं मात्र एका म्हातारीच्या दोन शब्दांवर ठरवतेस? खोदून विचारावं गं. समोर बसवून, तोंडाकडं बघून विचारावं. मला तसं कुणी विचारलंच नाही – नाही, हे खोटं झालं. एकीनं विचारलं होतं. अगदी असंच, तोंडाकडं बघून.

तेच सांगायचंय. आजवर कुणाला सांगितलं नाही. पोराला नाही, सुनेला नाही. आमच्या गल्लीत मला बोलकी म्हणतात. नळावर उभी राहिले की बादली भरून वाहायला लागते, पण माझं बोलणं संपत नाही. अशा बाईच्या पोटात काही दडून राहिलं असेल, असं कुणाला वाटणार? पण राहिलंय. तुझा फोन ठेवल्यावर भाकरी थापायला बसले, तर पहिलीच भाकरी मधोमध फाटली. म्हटलं, आपण पुन्हा तेच केलं. दुसऱ्यांदा.

कुठून सुरू करू? मी शाळेत गेलेली बाई नाही, हे तुला ठाऊक आहे. अंगणवाडीत मदतनीस होते. लेकरांची खिचडी ढवळता ढवळता भिंतीवर रंगवलेली बाराखडी वाचायला शिकले. बाई लेकरांकडून घोकून घ्यायच्या, अन् मी कढईपाशी मनातल्या मनात घोकायची. साधी अक्षरं तशी जमली. पण जोडाक्षरं आली की माझी गाडी अडायची. ती मला शिकवली द्वारकाअक्कानं.

अक्का आमच्यापासून दोन घरं सोडून राहायची. करमाडची लेक, सातवी शिकलेली, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. दुपारी तिच्या ओसरीवर बसायचो. ती वर्तमानपत्र मांडीवर पसरायची आणि शब्दाखाली बोट धरायची. 'प्रज्ञा' ह्या एका शब्दावर तिनं मला कितीतरी दुपारी बसवून ठेवलं. चुकले की हसायची, पण टोचून नाही. "कमल, घाई नको करू, अक्षर कुठं पळून चाललंय का?" म्हणायची. माझं बोट धरून तिनं मला वाचायला लावलं, असं म्हटलं तरी चालेल. हे लक्षात ठेव. मी कुणाशी काय केलं ते कळायला हे लागेल.

आमच्या विहारात दरसाल वर्षावासात ग्रंथाचं वाचन असतं. आषाढी पौर्णिमेला बसतं, आश्विन पौर्णिमेला उठतं. रोज संध्याकाळी बायामाणसं पांढऱ्या कपड्यांत येऊन बसतात, आधी त्रिशरण-पंचशील म्हणतात, मग एकजण पुढं बसून मोठ्यानं वाचते. कितीतरी वर्षं अक्का वाचायची. तिचा आवाज असा की मागं बसलेल्या म्हाताऱ्यालाही शब्द न् शब्द जायचा. मग हळूहळू तिनंच मला पुढं केलं. एक दिवस ती, एक दिवस मी. मी पुढं बसले की आधी चष्मा पुसायची. एका काडीला दोरा गुंडाळलेला, नाकावरून सारखा घसरणारा तो चाळशीचा चष्मा. खाली बघितलं की अक्षरं दिसायची, वर बघितलं की समोरच्या बाया धुक्यात बसल्यासारख्या. कुणी खुदकन हसलं तरी कोण हसलं ते कळायचं नाही. मला तो चष्मा नको झाला होता. खरं सांगू? माझ्या शिकण्याला तो कमीपणा वाटायचा. एवढ्या कष्टानं वाचायला शिकले अन् वाचताना असा दोरा बांधलेला चष्मा.

पुढं डोळ्यांत मोतीबिंदू धरायला लागला. पोरानं दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण, शांत. त्यांच्याकडं बोट दाखवायला मला जागा नाही, हे आधीच सांगून ठेवते. त्यांनी सगळं नीट समजावलं. म्हणाल्या, साधी लेन्स टाकली तर लांबचं दिसेल, वाचायला चष्मा लागेल. ही दुसरी मल्टिफोकल टाकली तर लांबचं, मधलं, जवळचं, तिन्ही बऱ्यापैकी दिसेल, चष्मा बहुधा लागणार नाही. पण आत येणारा उजेड ती वाटून देते, म्हणून कमी उजेडात अक्षर फिकट वाटेल. रात्री दिव्यांभोवती कडी दिसतील. बहुतेकांना काही महिन्यांनी सवय होते, काहींना होत नाही. मग त्यांनी विचारलं, "आजी, संध्याकाळी-रात्री तुमचं वाचायचं, बारीक बघायचं काही काम असतं का?"

मी म्हणाले, "रात्रीचं कसलं काम, डॉक्टर? जेवायचं अन् टीव्ही बघायचा."

विहार आठवला नाही असं नाही. आठवला होता. पण सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, मग साधीच बरी. अन् दोऱ्याचा चष्मा तसाच राहिला असता. तर पहिलं खोटं तिथं, त्या खुर्चीत बसून. पण ते माझं माझ्याशी. त्याची मला एवढी लाज नाही.

दोन्ही डोळे झाले. अन् दिवसा काय दिसायला लागलं म्हणून सांगू. तांदळातला खडा लांबून दिसायचा. रस्त्यापलीकडं उभ्या बसची पाटी वाचता यायची. सुनेच्या कपाळावरची टिकली नवी आहे की कालचीच, तेही कळायला लागलं. बाया मला बघायला यायच्या, बाळंतिणीला बघायला येतात तशा. अंगणात उभं करून परीक्षा घ्यायच्या. कुणी गोळ्यांचं पाकीट पुढं करायची, "मावशी, ह्याच्यावरची बारीक तारीख वाचून दाखवा." मी वाचायची. उन्हात उभी राहून, फडाफडा. त्या गालावर हात ठेवून बघत राहायच्या. मला लई बरं वाटायचं. आयुष्यात मला कुणी हुशार म्हटलं नव्हतं, अन् आता डोळ्यांमुळं म्हणत होते.

अन् दिवस मावळला की दुसरंच. पट्टी काढल्यावर पहिल्यांदा संध्याकाळी बाहेर आले, तर गल्लीच्या खांबावरच्या दिव्याला तीन कडी. एकाच्या आत एक, कोळ्याच्या जाळ्यासारखी. समोरून मोटारसायकल आली की तिचा उजेड फुटून काट्यांसारखा अंगावर यायचा. चंद्रालाही धड एकटं राहू देईनात ती कडी. अन् घरात पिवळा बल्ब लावून पेपर हातात घेतला, तर अक्षरं कशी? धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्यावरच्या नक्षीसारखी. आहेत, पण नाहीत. पोरानं विचारलं, "आई, कसंय?" मी म्हणाले, "मस्त." साधीपेक्षा महागाची लेन्स घेतली होती त्यानं. काय म्हणणार दुसरं?

आषाढी पौर्णिमा आली. वाचन बसलं. पहिल्या दिवशी मीच पुढं. विहारात एकच ट्यूबलाइट, तीही लांब. मूर्तीमागं रंगीत दिव्यांचं फिरतं चक्र, अन् मला त्या चक्राभोवती आणखी चक्रं. सगळ्यांबरोबर पाच शीलं म्हटली. त्यातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं, ते तर मी जरा जास्तच मोठ्यानं म्हणते, सवय आहे. मग ग्रंथ उघडला. पानावर करड्या रेघा. डोळे बारीक केले, पान पुढं-मागं केलं, काही नाही. समोर सगळ्या बाया माझ्याकडं बघतायत, की बघू तरी कशी वाचते बिनचष्म्याची. आता ह्या लांबच्या तोंडांवरचे डोळे मला स्पष्ट दिसत होते. हेच तर मागितलं होतं मी.

मग मी काय केलं? मी पाठ म्हणायला लागले. इतकी वर्षं तीच पानं वाचलेली, ऐकलेली. बरंचसं तोंडात बसलेलं होतं. बोट ओळीवरून फिरवायचं, मधे मधे पान उलटायचं, आणि म्हणत राहायचं. अडलं तर खोकायचं, पाणी मागायचं. कुठं चार ओळी गाळल्या असतील, कुठं पुढचं मागं झालं असेल. कुणाला कळलं नाही. दुसऱ्या दिवसाचं मी घरी उन्हात बसून आधीच पाठ करून ठेवायला लागले. म्हणजे बघ, कष्ट काही वाचले नाहीत. फक्त लोकांना वाटत होतं, ही बाई ह्या वयात, इतक्या मिणमिणत्या उजेडात, चष्म्याशिवाय वाचते.

त्यातलीच एक अक्का.

ती डोळे मिटून ऐकायची नेहमी. त्या वर्षी डोळे उघडे ठेवून बघायची, माझ्याकडं. वाचन संपलं की घरापर्यंत माझ्या सोबत चालायची अन् म्हणायची, "कमल, काय नजर झाली गं तुझी. मला तर चष्मा लावूनबी पानाला नाक घासावं लागतंय. माझी पाळीबी तूच वाच." तिच्याही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. पोरगा मिलिंद साधी लेन्स टाकू म्हणत होता. तिनं हट्ट धरला, कमलला टाकली तीच पाहिजे. तोच दवाखाना, त्याच डॉक्टरीणबाई. अन् तिथं तिनं खरंखुरं सांगितलं, की मी संध्याकाळी वाचते, आणि दिवेलागणीला दोन-चार विद्यार्थ्यांचे डबे पायी पोचवते. डॉक्टर म्हणाल्या, मग जरा विचार करा. तर अक्कानं त्यांना काय सांगितलं असेल? म्हणाली, "आमची कमल संध्याकाळीच वाचते की. मी रोज डोळ्यांनी बघते." हे तिनंच मला येऊन सांगितलं, हसत हसत. मी पण हसले. तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं की नाही?

नाही उघडलं.

दिवाळीनंतर तिचा एक डोळा झाला. दुसरा काही आठवड्यांनी करायचा होता. मधे थांबतात त्याला कारण असतं बाई. पहिल्या डोळ्याचं कसं जमतंय ते बघतात. लईच त्रास वाटला तर दुसऱ्यात वेगळी लेन्स टाकता येते. हे डॉक्टरनी तिलाही सांगितलं होतं, मलाही सांगितलं होतं.

दुसऱ्या डोळ्याच्या आधी एका संध्याकाळी ती माझ्याकडं आली. मी ओट्यावर भाजी निवडत होते. नुकतेच दिवे लागले होते. ती बसली, पदरानं नवी लेन्स टाकलेला डोळा उगीच टिपला, अन् बराच वेळ खांबावरच्या दिव्याकडं बघत राहिली. मग माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली, "कमल, खरं सांग. तुला दिव्याभोवती कडी दिसत्यात का? मला ह्या डोळ्यानं दिसत्यात. अन् अक्षरं पुसल्यागत होत्यात सांजेला. डॉक्टरनं विचारलंय, काही होतंय का म्हणून. मी म्हटलं, आधी कमलला विचारून येते."

मी वर बघितलं. खांबावर दिवा होता. त्याला तीन कडी होती, रोजच्यासारखी.

मी म्हणाले, "नाय बाई. मला तर कायच दिसत नाय तसं."

हे आहे ते. इथंच होतं. एवढी वर्षं ह्या एका वाक्याभोवती फिरतेय.

ती म्हणाली, "मग माझंच काय तरी असंल." मी म्हणाले, "थेंब वेळेवर घालत नसशील. गाजर खात जा. मनावर घेऊ नको, मनावर घेतलं की तसं दिसतं." बघ, नुसतं नाही म्हणून थांबले नाही. वरून शहाणपण शिकवलं. दुसऱ्या दिवशी किलोभर गाजरंही पाठवून दिली तिच्याकडं. अन् ती डॉक्टरना सांगून आली की काही त्रास नाही. दुसऱ्या डोळ्यातही तीच लेन्स बसली.

का केलं मी असं? तू विचारशीलच. मी पण विचारते. ती काही माझं वाचन काढून घ्यायला आली नव्हती. मी हो म्हणाले असते तर ती कुणाला सांगत सुटणारी बाई नव्हती. पण तिला तरी कळलंच असतं की रोज संध्याकाळी मी वाचत नाही, वाचल्याचं सोंग करते. अन् नेमकं तिलाच ते कळायला नको होतं. जिनं बोट धरून वाचायला शिकवलं तिच्यापेक्षा एका गोष्टीत तरी मी वरचढ झाले होते. ती माझ्याकडं मान वर करून बघत होती. ते मला सोडवेना. इतकं साधं, इतकं हलकं कारण आहे.

पुढच्या वर्षीच्या वर्षावासात एक दिवस ती म्हणाली, आज मी वाचते. सगळ्यांना आनंद झाला, कारण तिचा आवाज लोकांना आवडायचा. ती पुढं बसली, ग्रंथ उघडला. पहिली ओळ वाचली. दुसऱ्या ओळीत थांबली. पान दिव्याकडं वळवलं, परत फिरवलं. मागून गल्लीतली एक सून म्हणाली, "काय आजी, दोन्ही डोळे नवे करूनबी गाडी अडली का?" दोघी-तिघी हसल्या. वाईट मनानं नाही, आपल्यात हसतात तसं. दुसरी म्हणाली, "कमलमावशीचे बघा. एकाच डॉक्टरचे हात, पण लाभायला बी लागतं." अक्का माझ्याकडं बघत होती. नुसती बघत होती, की तू तरी सांग ह्यांना काही.

मी उठले. तिच्या हातातून ग्रंथ घेतला. "सरक अक्का, मी वाचते," म्हणाले. अन् जिथं ती थांबली होती तिथून पुढं घडाघडा म्हणून दाखवलं. एक अक्षर दिसत नव्हतं मला. पण त्या दिवशी एकदाही अडखळले नाही. इतकं चांगलं मी कधीच म्हटलं नसेल.

त्यानंतर ती पुढं बसली नाही. काही दिवस मागं भिंतीला टेकून बसायची. मग येणंच सुटलं. डबे पोचवायला जायची तर रस्त्यावर गाड्यांचे दिवे तिच्या डोळ्यांत फुटायचे. एकदा रिक्षा अगदी अंगावर आली. मिलिंदनं डबे बंद करायला लावले. पोरगा वाईट नाही, पण वैतागायचा. तिनं कड्यांचं नाव काढलं की म्हणायचा, "आई, कमलमावशीला बघ. त्यांना काही होत नाही. तुलाच सगळं कसं होतं?" माझ्या समोर म्हणालाय तो असं. मी खुर्चीत बसलेले, चहाचा कप हातात. तिच्या घरात, तिचाच चहा पीत, मी तिच्याविरुद्धचा पुरावा होऊन बसलेले. मी कपात बघत राहिले.

एवढ्यावर संपलं असतं तरी बरं. अजून एक आहे. ते ह्याहून वाईट आहे, म्हणून शेवटाला ठेवलं.

त्याच सुमाराला मी माझ्या वर्षाच्या तपासणीला गेले. एकटीच गेले. अन् तिथं, दार लावल्यावर, मी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. कडी सांगितली, फिकट अक्षरं सांगितली, विहारातलं पाठ म्हणणं सोडून सगळं. त्या जराही चकित झाल्या नाहीत. म्हणाल्या, "आजी, हे ह्या लेन्समध्ये होतं. मी आधी सांगितलं होतं. आत्ता का बोलताय?" मग थेंब दिले, वाचायला जवळ चांगला दिवा घ्या म्हणाल्या, आणि म्हणाल्या की ज्यांना फारच जाच होतो त्यांच्यासाठी उपाय असतात, वेळ पडली तर लेन्स बदलताही येते, पण लवकर यावं लागतं. जितका उशीर तितकं अवघड. मी मान हलवत ऐकून घेतलं. घरी आले. पोराकडून मान वाकवता येणारा पांढऱ्या उजेडाचा टेबलावरचा दिवा मागवून घेतला. मला फरक पडला. हळूहळू कड्यांची सवयही झाली. अजून दिसतात, पण त्यांच्यातून बघता येतं. विहारात मी तोच दिवा घेऊन जायला लागले. "म्हातारपणी जरा थाटमाट," म्हटलं. आता खरंच वाचते.

अन् अक्काला मी हे सांगितलं नाही.

ती विचारायला आली होती गं. नेमकी त्याच दिवसांत. "कमल, माझ्यासंगं दवाखान्यात चल एकदा. तू असलीस की मला डॉक्टरला नीट सांगता येतंय. मिलिंद नुसता घाई करतो." मला माहीत होतं, आम्ही दोघी त्या खोलीत गेलो की डॉक्टरीणबाई सहज म्हणतील, अहो, ह्या आजींनाही होतं की तसंच. एवढं एक वाक्य अक्काच्या कानावर पडायला नको होतं मला. म्हणून मी म्हणाले, गुडघे दुखतात. मग म्हणाले, सुनेची तब्येत बरी नाही. मग म्हणाले, पुढच्या आठवड्यात बघू. तिला लवकर जायला हवं होतं, हे मला ठाऊक होतं. तिला ठाऊक नव्हतं. मी एकेक आठवडा करत तिचा वेळ घालवला. शेवटी तिनं विचारणं सोडलं. म्हणाली, "जाऊ दे. डॉक्टर तरी काय करणार, माझ्या नशिबाचे डोळेच असे." ज्या बाईनं आयुष्यात कधी नशिबाचं नाव घेतलं नव्हतं, तिच्या तोंडी मी नशीब आणून ठेवलं.

मिलिंदला बिडकीनकडं कारखान्यात काम लागलं तेव्हा तो तिलाही घेऊन गेला. आता ती तिथं असते. दिवस मावळला की खोलीत बसते, ऐकलंय. दिवा लावत नाही म्हणे, दिव्याकडं बघवत नाही. पेपर दिवसा वाचते. विहार तिथंही आहे, पण संध्याकाळी जात नाही.

तुझ्या लेन्सचं म्हणशील, तर मी तुला टाकू नको म्हणणार नाही. लई लोकांना चांगली लाभते. दिवसाचं सुख मी भोगतेय, ते खोटं कसं म्हणू? पण तुला रात्री स्कूटी चालवायची असते, तुझं शिवणाचं दुकान दिवेलागणीलाच जोर धरतं, कमी उजेडात सुईत दोरा ओवावा लागतो. हे सगळं तुझ्या डॉक्टरला जसंच्या तसं सांग. अन् मला कसं दिसतं विचारशील तर ऐक. खांबावरच्या दिव्याला तीन कडी. समोरून गाडी आली की काटे. पिवळ्या बल्बखाली अक्षर फिकट. हे एवढंच. पंधरा शब्द सुद्धा लागत नाहीत. एवढंच तिला सांगायचं होतं मला त्या संध्याकाळी.

तू आता म्हणशील, मावशी, तिला अजून सांगा. कितीदा मनात आलं. फोन हातात घेतला की ती पलीकडून आधी माझीच चौकशी करते, गुडघे कसे आहेत म्हणून. ज्या गुडघ्यांची सबब मी तिला सांगितली होती, त्यांची. मग मी गुडघ्यांचं बोलते. मग हवापाण्याचं. अन् फोन ठेवते. मला तुझ्याकडून काही नको. तू बरं म्हण, वाईट म्हण, मी जे केलं ते तेवढंच राहतं.

काल संध्याकाळी तिचा फोन आला होता. आवाज तसाच, मागच्या ओळीपर्यंत जाणारा. आधी सगळ्यांची विचारपूस केली. मग म्हणाली, "कमल, तू ये गं एकदा. मला काही तिकडं निघता येत नाय, सांज झाली की रस्त्यावर पाय टाकायची भीती वाटते, अन् दिवसा आणायला मिलिंदला सवड नाय. तुझं बरंय. तुझे डोळे चांगले हायत. दिवसा ये, रातचं ये, तुला काय. पण लवकर ये."